खाऱ्या हवेतली अलॉय चाकं, कोणतं कोटिंग टिकतं? प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑक्टोबर २०२५

३ मार्च २०२५

गाडी पाच वर्षांची. मुक्काम रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्यालगत, आणि आठवड्यातून एकदा आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन-येऊन. चार अलॉय चाकं, १५ इंची, ओतीव ॲल्युमिनियमची. स्टेपनी पत्र्याची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम.

चाकांचं तोंड मशीनकट आहे: काळ्या रंगावर लेथवर कापलेल्या चकचकीत रेषा आणि त्यावर पातळ पारदर्शक लॅकर. चारही चाकांवर लॅकरखाली पांढरे धागे पसरलेत. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेकची धूळ भाजून बसली आहे, नखाने निघत नाही.

अपेक्षा अशी: पाच पावसाळे पुन्हा काम काढायला लागू नये, आणि घरी शॅम्पू-पाण्याने चाक स्वच्छ व्हावं. मेच्या आधी सगळं उरकायचं. दमट हवेत कोटिंगची कामं बिघडतात.

५ मार्च

टायर उतरवून प्रत्येक चाकाचा नकाशा काढला आणि धागे कुठून सुरू झालेत त्या जागा मोजल्या. चार चाकांवर मिळून ३१ जागा. त्यातल्या १९ आऱ्यांच्या कापीव धारेवर, ७ खिळीच्या वजनांखाली (चाकाचा तोल साधायला कडेवर ठोकतात ती), ३ व्हॉल्व्हच्या भोकाशी आणि फक्त २ सपाट भागावर, त्याही दगड लागून. या मोजणीतच निम्मा निर्णय झाला.

कोणताही पातळ द्रव सुकताना धारेवरून मागे ओढला जातो. सपाट भागावर ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लॅकर असेल तर तीक्ष्ण धारेवर त्याचा अंशच उरतो. तिथून ओल आणि मीठ आत शिरतं आणि लॅकर व धातू यांच्या मधून गंज धाग्यासारखा पुढे सरकत जातो. धाग्याचं डोकं जिवंत असतं, शेपटीत पांढरी पूड राहते. यासाठी चाक पाण्यात बुडायला लागत नाही. साधारण ६५ ते ९५ टक्के आर्द्रता आणि थोडंसं मीठ पुरतं, आणि किनाऱ्यावर ते वर्षातले बरेच महिने हजर असतं. त्यामुळे रोज पुसून ठेवलेल्या गाडीलाही हे होतं. धुण्यातल्या हयगयीवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही.

८ मार्च

पर्याय तपासले.

वॅक्स बाद. कार्नुबा ८२ ते ८६ अंशांना वितळतो. घाट उतरताना पुढच्या चाकाची आतली बाजू त्याच्या आसपास सहज जाते.

रबरासारखं सोलून निघणारं फवारा-कोटिंग रंग बदलायला ठीक. पाच-सहा हात दिले नाहीत तर काढताना तुकडे पडतात, पेट्रोल लागलं की मऊ होतं, आणि कडेने पाणी आत गेलं की तिथेच साचून राहतं. खाऱ्या हवेत हे साचलेलं पाणी उघड्या चाकापेक्षा वाईट.

ॲनोडायझिंग, म्हणजे विजेने धातूवर ऑक्साइडचा थर चढवणं, या धातूला शोभत नाही. चाकाच्या ओतकामात सुमारे ७ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे रंग करडा आणि डागाळलेला येतो. शिवाय वॉशिंग सेंटरमधलं कडक अल्कली क्लीनर तो थर खाऊन टाकतं.

सिरॅमिक कोटिंगबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. एका हाताची जाडी एक-दोन मायक्रॉन. बाटलीवरचा ‘९एच’ हा पेन्सिलच्या कडकपणाचा आकडा आहे, हिऱ्या-माणकांच्या मोजपट्टीवरचा नव्हे. दगड लागला तर हा थर काहीही अडवत नाही, आणि आधीच सुरू झालेला धागा त्याच्याखाली मजेत वाढतो. त्याचं खरं काम वेगळं: ब्रेकची धूळ आणि चिखल चिकटू न देणं. ते काम तो उत्तम करतो. म्हणून सिरॅमिक घ्यायचंच, पण सगळ्यात वर, चांगल्या जाड थरावर.

उरले दोन पाये. पहिला, टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून फवारायचा दोन भागांचा रंग: इपॉक्सी प्रायमर, रंग, पारदर्शक. ओव्हन लागत नाही, थर लवचीक असतो, खराब जागा तेवढीच दुरुस्त करता येते. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा, साधा कोळशाचा मास्क पुरेसा नाही. दुसरा पाया पावडर कोटिंग, म्हणजे विजेच्या भाराने चिकटवून ओव्हनमध्ये भाजलेली कोरडी भुकटी: जाडी दुप्पट-तिप्पट, दगडाचा मार सोसतो, ब्रेकची गरमी सोसतो. दुरुस्ती अवघड, आणि भाजणं काटेकोर हवं.

पावडर घेतली. थर तीन: इपॉक्सी प्रायमर, सिल्व्हर पॉलिएस्टर, पारदर्शक पॉलिएस्टर. नुसत्या इपॉक्सीवर थांबता येत नाही, उन्हाने ती खडूसारखी पांढरी पडते. सिल्व्हरवर पारदर्शक हवीच, नाहीतर रंगातले ॲल्युमिनियमचे कण उघडे राहून क्लीनरने काळवंडतात.

मशीनकट चमक सोडून दिली. पुन्हा लेथवर कापून पुन्हा लॅकर मारला तर पुन्हा तीक्ष्ण धार आणि पुन्हा धागे. शिवाय प्रत्येक कापणीत धातू कमी होतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने मशीनकट चाक घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे.

१२ मार्च

चाकं कोल्हापूरला, शिरोलीच्या एका पावडर कोटिंगवाल्याकडे दिली. रत्नागिरीतही पावडर होते, पण शिरोलीत फाउंड्र्यांची ओतीव कामं रोज येतात आणि ओतकामातल्या वायूची सवय तिथल्या हातांना असते. इथे ते महत्त्वाचं.

देताना कागदावर लिहून दिलं: ‘सात टाक्यांत घालू नये.’ खिडक्यांचे ग्रिल आणि लोखंडी कपाटं ज्या टाक्यांतून जातात त्यातली गंज काढायची ॲसिडची टाकी ॲल्युमिनियमला खाते. कॉस्टिकमध्ये जुना रंग काढायचा मोह होतो, तोही टाळायचा. धातूला फेस येतो, तो काळा पडतो आणि हायड्रोजन सुटतो. जुना रंग जेलसारख्या पेंट रिमूव्हरने काढला. ब्रशने जाड थर, वर प्लास्टिक गुंडाळून ४० मिनिटं, मग प्लास्टिकचा खरवडा. दोन फेऱ्या लागल्या. एका चाकाला साधारण पाऊण लिटर.

व्हॉल्व्ह, वजनं, मधली टोपी आधीच काढली होती. ज्यांच्या चाकात हवेच्या दाबाचे सेन्सर आहेत त्यांनी ते न विसरता काढावेत, ओव्हनमध्ये जळतात.

१५ मार्च

ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून पृष्ठभाग साफ करणं, ॲल्युमिनियम ऑक्साइडने, १०० मेश, दाब ३ बार, नोझल २५ सेंटिमीटरवर. स्टील शॉट किंवा लोखंडी कामावर वापरलेला जुना माल चालत नाही. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि महिन्याभरात कोटिंगखालून तांबडे ठिपके येतात. कॅबिनेटमध्ये आधी लोखंडी काम झालं असेल तर माल बदलूनच घ्यायचा.

धाग्यांच्या जागी धातूत खोल टोचे दिसले. तिथे नोझल जवळ नेऊन पांढरी पूड पूर्ण जाईपर्यंत मारलं. तळाशी जरा जरी पूड राहिली तरी गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो.

नंतर तडे तपासले. लाल डाय १५ मिनिटं, पुसून, वर पांढरा डेव्हलपर १० मिनिटं. आतली कड आणि आऱ्यांची मुळं नीट पाहिली. तडा नाही. एका चाकाची आतली कड डायल गेजवर ०.६ मिमी डुलते, चालेल. तडा असता तर चाक भंगारात. वेल्डिंग केलेलं चाक घाटात घालायचं नाही.

एका चाकाला फुटपाथचा ओरखडा होता, सुमारे २ मिमी खोल. कानशीने उतार देऊन मिटवला. साधी बॉडी पुट्टी भरू नये, भाजताना ती वायू सोडते आणि सुटते. सगळ्या कापीव धारा आधी १२० आणि मग २४० च्या पॉलिशपेपरने गोल केल्या, साधारण १ मिमी गोलाई. चार चाकांना अडीच तास गेले. या प्रकल्पात सगळ्यात मोलाचं काम कोणतं असं विचारलं तर हेच.

१८ मार्च

सौम्य अल्कली डीग्रीझरने ५५ अंशांना ५ मिनिटं, दोन धुण्या, मग झिर्कोनियमवर आधारित क्रोम-विरहित पूर्वप्रक्रिया, शेवटी डीआय, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने धुणं. बोअरिंगचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरलं तर क्षार मागे राहतात आणि पुढे फोड येतात. डीग्रीझिंग नीट झालं का हे पाण्यावरून कळतं: चाकावर पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला पाहिजे. थेंब तुटले तर तेल शिल्लक आहे. इथून पुढे हातमोज्यांशिवाय हात नाही.

मास्किंग: नटांच्या शंकूसारख्या बैठका सिलिकॉन बुचांनी, हबला टेकणारा पृष्ठभाग आणि मधलं भोक उष्णता सोसणाऱ्या टेपने. नटाखाली १५०-२०० मायक्रॉन पावडर राहिली तर ती दाबून पातळ होते आणि नट ढिले पडतात. हा धोका दिसण्याचा नाही, जिवाचा आहे. टायरची कड बसते तिथे फक्त प्रायमर. तिन्ही थर दिले तर हवा झिरपते.

१९ मार्च

आधी रिकामं भाजणं: धातू १९५ अंशांवर ३० मिनिटं, म्हणजे ओतकामातल्या छिद्रांमधला वायू पावडर लावायच्या आधीच निघून जावा. हे तापमान पावडरच्या तापमानापेक्षा वर असावं लागतं. पण उगाच वरही नको. हा धातू टी-६ प्रक्रियेचा (तापवून, झटकन गार करून, पुन्हा मंद तापवून पक्का केलेला) असतो, त्याची ताकद १५०-१७० अंशांच्या कित्येक तासांच्या पक्वतेतून येते. त्यावर २०० च्या पुढे रेंगाळलं की तो मऊ पडू लागतो. म्हणून १८० अंशांना पिकणारी पावडर निवडली, २०० ला लागणारी नव्हे, आणि २०० ही कमाल मर्यादा ठरवली.

प्रायमर: गन ७० किलोव्होल्ट, आऱ्यांच्या कोपऱ्यांत ४५ वर आणली. कोपऱ्यात जास्त व्होल्टेज दिलं की पावडर आत न जाता कडांवरच जमते. कोपरे आधी, सपाट भाग नंतर. प्रायमर धातू १८० ला पोचल्यावर ८ मिनिटं, म्हणजे अर्धवट. सिल्व्हर तसंच. पारदर्शकानंतर पूर्ण २० मिनिटं. खालचा थर पूर्ण पिकवून वर दुसरा दिला की दोन थर एकमेकांना धरत नाहीत, आणि वर्षभरात पारदर्शक पापुद्र्यासारखी निघते.

पारदर्शक ॲक्रिलिकची जास्त नितळ दिसते, तरी घेतली नाही. तिथे एकाच बूथमध्ये दिवसभर पॉलिएस्टर चालते. ॲक्रिलिकची थोडीशी भुकटी पॉलिएस्टरमध्ये गेली तरी पृष्ठभागावर खड्डे पडतात, यांच्या भाषेत ‘डोळे’. वेगळा बूथ आणि वेगळी गन असेल तरच ॲक्रिलिक.

चारपैकी तीन चाकं छान. तिसऱ्या चाकाच्या हबभोवती सुईच्या टोकाएवढी छिद्रं, सिल्व्हरनंतरच दिसली. त्याला पारदर्शक दिलीच नाही.

२० मार्च

छिद्रांचं कारण सापडलं. तापमानाचा प्रोब पहिल्या चाकाच्या कडेवर होता. कड पातळ, ती १३ मिनिटांत १९५ ला पोचली. हबचा जाड भाग २६ मिनिटांत. तिसरं चाक ओव्हनच्या दाराजवळ टांगलेलं, तिथे आणखी उशीर. म्हणजे त्याच्या हबला खरं भाजणं जेमतेम मिळालं आणि वायू नंतर पावडरीतून फुटला. यापुढे प्रोब सगळ्यात थंड चाकाच्या सगळ्यात जाड भागावर. ओव्हनच्या पॅनेलवरचा आकडा हवेचा असतो, त्यावर वेळ मोजू नये.

दुरुस्ती: छिद्रांचा भाग २२० च्या पेपरने प्रायमरपर्यंत घासला, धातू १९५ ला २० मिनिटं, ओतीव कामासाठीची डीगॅसिंग प्रायमर, मग उरलेले थर. या चाकाचं एकूण भाजणं इतरांपेक्षा पाऊण तासाने जास्त झालं. पुन्हा एकदा भाजायला ते येणार नाही, तशी खूण आत मारली आहे.

स्टेपनीचं पत्र्याचं चाकही ब्लास्ट करून झिंक प्रायमर आणि काळी पॉलिएस्टर केली. ब्लास्टिंगनंतर दोन तासांत पावडर. लोखंडाला मोकळ्या हवेत ठेवलं की संध्याकाळपर्यंत तांबूस झाक येते.

२४ मार्च

ॲल्युमिनियमवर जाडी मोजायला एडी करंट गेज लागतो, लोखंडासाठीचा चुंबकी गेज इथे काहीच दाखवत नाही. सपाट भाग १६५ ते १९० मायक्रॉन, गोल केलेल्या धारा ११० ते १३५. धारेवरचा आकडा पाहून समाधान वाटलं.

चिकटपणाची चाचणी चाकावर करायची नाही. यासाठी भंगारातल्या तशाच ओतीव चाकाचे तुकडे सोबत कोट केले होते. तुकडा दोन तास उकळत्या पाण्यात, तासभर सुकवून आडव्या-उभ्या सहा-सहा चिरा, अंतर ३ मिमी (१२० मायक्रॉनच्या वर हेच अंतर), टेप लावून झटक्यात ओढला. एकही चौकोन उचलला नाही. एमईके या तीव्र सॉल्व्हंटच्या बोळ्याने ५० वेळा पुढे-मागे घासलं, चमक किंचित उतरली, रंग बोळ्याला आला नाही. भाजणं पूर्ण आहे.

तुलनेसाठी तीन तुकडे सावलीत झाकणाच्या डब्यात ठेवले, रोज सकाळी मिठाच्या पाण्याचा फवारा, लिटरला ५० ग्रॅम. प्रत्येकावर धातूपर्यंत एक चीर. ‘अ’ तीक्ष्ण धार आणि टू-के पारदर्शक. ‘ब’ गोल धार आणि तीन थर पावडर. ‘क’ नुसत्या धातूवर सिरॅमिकचे दोन हात. ही घरगुती तुलना आहे, प्रमाणित सॉल्ट स्प्रे नव्हे.

२७ मार्च

सिरॅमिक. आर्द्रता ६४ टक्के, हवा २९ अंश, शेड बंद. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी निम्मं-निम्मं करून चाक पुसलं. आधी आतली बाजू, मग आऱ्यांच्या फटी, तोंड शेवटी. एका वेळी तळहाताएवढ्या दोन भागांवरच लावायचं. दमट हवेत ते लवकर धरतं. बाटलीवर तीन मिनिटं लिहिलं होतं, इथे ७०-८० सेकंदांत इंद्रधनुष्यी झाक आली आणि लगेच पुसावं लागलं. उशीर झाला तर काळपट पट्टे राहतात आणि पॉलिशशिवाय निघत नाहीत. तासाभराने दुसरा हात. चार चाकांना दोन हात मिळून ४५ मिलिलिटर. २४ तास कोरडं, आठवडाभर शॅम्पू नाही.

२९ मार्च

टायर बसवताना नव्या कोटिंगचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. मशीनच्या जबड्यांवर प्लास्टिकच्या टोप्या घालून घेतल्या, तरी एका चाकाच्या बाहेरच्या कडेला ४ मिमीचा ओरखडा आलाच. जबडा बाहेरून धरला गेला. इपॉक्सीचा थेंब, सुकल्यावर पारदर्शक टू-के. वजनं फक्त चिकटपट्टीची, आतल्या बाजूला. खिळीचं वजन कडेवर ठोकलं की तिथे कोटिंग फुटतं आणि पोलाद-ॲल्युमिनियमची गंज वाढवणारी जोडी जमते. चिकटवण्याआधी त्या जागेवर सिरॅमिक नको, वजन धरत नाही. तेवढी पट्टी २७ तारखेला मोकळीच ठेवली होती.

हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून मधल्या गोलाला ॲन्टी-सीझचा (चाक गंजून चिकटू न देणाऱ्या लेपाचा) पुसट हात. नटांच्या आट्यांना आणि बैठकांना अजिबात नाही. नट तारा पद्धतीने (एकापाठोपाठ समोरासमोरचे), टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला. १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासले, एक नट थोडा फिरला.

१४ एप्रिल

डब्यातला ‘क’ पांढऱ्या ठिपक्यांनी भरला. सिरॅमिक एकटं धातू वाचवत नाही हे तीन आठवड्यांत दिसलं. ‘अ’ वर धारेजवळ दोन बारीक धागे. ‘ब’ स्वच्छ.

२८ मे

यंदा मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात आला. काम आधी उरकल्याचा उपयोग झाला. डब्यातला ‘अ’: चिरेपासून धागे ५ मिमीपर्यंत. ‘ब’: चिरेत पांढरी रेघ, बाजूला सरकलेली नाही.

२० जुलै

जांभ्याची तांबडी माती साध्या पाण्याने निघते. पुढच्या चाकांना महिन्यातून एकदा आयर्न रिमूव्हर, चाकाला ५० मिलिलिटर. चाक गार असताना, सावलीत, जांभळं झालं की चार मिनिटांत धुऊन. सुकू द्यायचं नाही. मागच्या चाकांना तीन महिन्यांतून एकदा पुरे, ड्रमची धूळ बाहेर येत नाही. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर ‘चाकांना ॲसिड नको’ हे तोंडी सांगून भागत नाही, उभं राहून पाहावं लागतं.

२४ ऑगस्ट

पुढच्या चाकांच्या आत पाण्याचे थेंब आता नीट उभे राहत नाहीत, सिरॅमिक तिथे पाच महिन्यांत थकलं. तोंडावर आणि मागच्या चाकांवर अजून चांगलं. अपेक्षित होतं, आतल्या बाजूला दर सहा महिन्यांनी नवा हात द्यायचा, तोंडाला वर्षाने. खाली पावडर शाबूत.

१२ ऑक्टोबर

सुमारे ७,००० किलोमीटर झाले. चार अलॉयवर एकही धागा नाही. दगडाचे तीन टवके, तिन्ही फक्त पारदर्शक थरात. धुऊन, आयपीएने पुसून टू-केचे ठिपके दिले. २९ मार्चच्या ओरखड्याची दुरुस्ती टिकली.

चूक स्टेपनीत निघाली. मधली तबकडी आणि बाहेरची कड जिथे वेल्डने जोडलेली असते त्या फटीतून तांबडे ओघळ येताहेत. कारखान्यात पत्र्याचं चाक इलेक्ट्रोकोटच्या टाकीत बुडवतात, तो १५ ते २५ मायक्रॉनचा थर फटीतही जातो. आम्ही तो ब्लास्टिंगने काढला आणि वरून पावडर मारली, जी फटीत शिरतच नाही, फक्त तोंडावर पूल बांधते. पत्र्याच्या चाकाचा मूळ काळा थर बहुतांश शाबूत असेल तर तो काढूच नये. गंजलेली जागा घासून, इपॉक्सी प्रायमर लावून वर रंग द्यावा. आता फटीत गंजरोधक कॅव्हिटी वॅक्स नळीने सोडलं, चाक उलट-सुलट फिरवून दोन्ही बाजूंनी, साधारण ६० मिलिलिटर. कडेला बाहेर आलेलं पुसून घेतलं. फट पुन्हा जानेवारीत पाहायची.